इंग्लंडमध्ये पोटाच्या तपासण्या: जीपीच्या फॉर्मपासून दुर्बिणीपर्यंत

पुण्यात असताना पोट बिघडलं की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं, फरक पडला नाही तर ओळखीतून पोटाच्या स्पेशालिस्टचा नंबर मिळवायचा. सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट यायचा. इंग्लंडमध्ये आल्यावर हा रस्ता बंद होतो. इथे स्पेशालिस्टचं दार जीपीच्या, म्हणजे आपण नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातूनच उघडतं आणि जीपी तुमच्या सांगण्यावरून ठरवतो की कोणती तपासणी करायची, किंवा करायचीच नाही.

मला सीलिअॅक आहे. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे माझ्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. रेडिंगला राहायला आल्यापासून हे निदान व्हायला अडीच वर्षं लागली. त्यातलं जवळजवळ एक वर्ष मला इथली पद्धत माहीत नव्हती आणि तपासणीआधी मी एक मोठी चूक केली, म्हणून गेलं. तुमचं ते जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधले काही नियम वेगळे आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आधी एक सांगते. रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं आणि चिकट शौच, पोट दगडासारखं कडक होऊन असह्य कळा, यांपैकी काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि ९९९ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटलच्या ए अँड ई (तातडीच्या) विभागात जा. काय करावं हे कळत नसेल तर १११ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

१. आजारी पडायच्या आधी जीपीकडे नाव नोंदवा

नोंदणी फुकट आहे. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. काही रिसेप्शनवर मागतात, पण केवळ तो नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. व्हिसाच्या अर्जाबरोबर आपण आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो: फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांसाठी वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांसाठी ७७६. तेव्हा 'फुकट सेवा मागतोय' असा संकोच मनात ठेवू नका.

नोंदणी झाली की एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर मिळतो. मग फोनवर एनएचएस ॲप घ्या आणि त्यात तुमची पूर्ण वैद्यकीय नोंद दिसते का ते बघा. दिसत नसेल तर रिसेप्शनला सांगून सुरू करून घ्या. पुढे रिपोर्ट वाचायला हे लागणार आहे.

भेटायला आलेले आई-बाबा मात्र या व्यवस्थेत बसत नाहीत. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला जीपी फुकट बघू शकतो, पण हॉस्पिटलच्या उपचाराचं बिल एनएचएसच्या दराच्या दीडपट येतं. त्यांचा प्रवास विमा काढल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि त्यांना जुनं पोटाचं दुखणं असेल तर ते विम्याच्या अर्जात लिहा.

२. दोन आठवडे वही ठेवा

जीपीची भेट साधारण दहा मिनिटांची असते. त्यात 'कधीपासून?', 'दिवसातून किती वेळा?', 'वजन किती कमी झालं?' याची उत्तरं आठवत बसलात तर वेळ तिथेच संपतो. म्हणून आधी दोन आठवडे रोज चार ओळी लिहा: काय खाल्लं, कधी दुखलं, किती वेळा जावं लागलं, रात्री झोपेतून उठावं लागलं का.

शौच कसं होतं हे सांगायला आपण लाजतो. त्यासाठी इथे एक सोय आहे, ब्रिस्टल स्टूल चार्ट. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये तयार झालेल्या या तक्त्यात सात प्रकारांची चित्रं आहेत. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखं कडक, ७ म्हणजे निव्वळ पाणी. वहीत नुसता आकडा लिहायचा. 'तीन महिने बहुतेक रोज ६, दिवसातून चार वेळा' एवढं सांगितलं की डॉक्टरला सगळं कळतं.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर बघा.

३. 'पित्त' आणि 'गॅस' घरी ठेवा

माझ्या पहिल्या भेटीत मी पित्ताचा शब्दशः अर्थ सांगितला. डॉक्टर पित्ताशयाकडे वळल्या, खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी लिहून दिली आणि ती नॉर्मल आली. दोन महिने गेले. आपल्या 'पित्त झालं' या दोन शब्दांत घशाशी आंबट येणं, मळमळ, अर्धं डोकं दुखणं, कधीकधी अंगावर गांधी उठणंसुद्धा येतं. इथल्या डॉक्टरला ही चार वेगवेगळी लक्षणं आहेत. ती सुटी करून सांगा.

'गॅस'चंही तसंच. पोट फुगतं, वारा सरतो, की ढेकर येतात? 'आव पडते' म्हणजे शौचाबरोबर चिकट शेंबडासारखं पडतं, हे स्पष्ट सांगा, त्याला महत्त्व आहे. 'मुरडा' म्हणजे कळ येते, जाऊन आलं की थांबते का? हे थांबणं-न थांबणं डॉक्टरला हवं असतं. 'उष्णता वाढली' हे सांगून काहीच पोचत नाही.

इंग्रजीची अडचण असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. तो फुकट मिळतो, बहुधा फोनवर. नवऱ्याने किंवा मुलाने भाषांतर करण्यापेक्षा हे बरं, कारण घरच्यांसमोर आपण निम्मं गाळतो. तपासणीसाठी स्त्री डॉक्टर हवी असेल तर तेही आधी सांगा, आणि तपासताना सोबत कुणी हवं असेल तर 'शॅपरोन' मागा. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

४. अपॉइंटमेंट: फॉर्ममध्ये काय लिहायचं

सकाळी आठला फोन लावून रांगेत थांबणं आता एकच मार्ग राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या दवाखान्यांनी ऑनलाइन विनंतीचा फॉर्म सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० चालू ठेवायचा आहे. फॉर्म नीट भरा, कारण तो वाचून ठरतं की तुम्हाला उद्या बोलवायचं की तीन आठवड्यांनी. 'पोट बरं नसतं' असं लिहू नका. किती दिवस, किती वेळा, किती वजन, हे लिहा.

आणि यांपैकी काही असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा:

- शौचातून रक्त
- प्रयत्न न करता कमी झालेलं वजन
- रक्तात लोह कमी
- घास गिळताना अडकणं
- रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
- पोटात लागणारी गाठ
- आई-वडील किंवा भावंडांत आतड्याचा कॅन्सर, सीलिअॅक किंवा आतड्याला सूज येणारा आजार

गेल्या वर्षभरात भारतात जाऊन आला असाल तर तेही लिहा. जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि त्यासाठी शौचाची वेगळी तपासणी लागते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर सांगा. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला सूज येणारा एक आजार) हे दिसायला इतके सारखे असतात की डॉक्टरला शंका यायला ही माहिती लागते.

५. भेटीला जाताना बरोबर

- वही, आणि तिचं अर्ध्या पानाचं सार
- सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांचे फोटो: भारतातून आणलेल्या पँटोप्राझोलच्या पट्ट्या, इनो, त्रिफळा, काढे, चूर्णं, सगळं
- जुने रिपोर्ट, विशेषतः हिमोग्लोबिन आणि बी-१२
- घरातल्या आजारांची यादी

आयुर्वेदिक औषध सांगायला बरेचजण कचरतात. सांगा. काही भस्मांमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि शिशामुळेही पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं. इसबगोल मात्र इथेही डॉक्टर देतात, फायबोजेल या नावाने.

६. पहिल्या तपासण्या, आणि त्यांच्याआधी काय बंद करायचं नाही

या टप्प्यावर मी चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

रेंगाळलेल्या जुलाबांसाठी जीपी साधारणपणे रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पेशी, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, सूज दाखवणारं सीआरपी आणि सीलिअॅकसाठी टीटीजी नावाची अँटिबॉडी बघतो. शौचाच्या दोन तपासण्या असतात. कॅलप्रोटेक्टिन आतड्याला सूज आहे का ते सांगतं. फिट चाचणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. त्यात एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर कॅन्सरच्या शक्यतेसाठी तातडीने पुढे पाठवतात. जळजळ आणि वरच्या पोटात दुखणं असेल तर एच. पायलोरी या जिवाणूसाठी शौचाची किंवा श्वासाची तपासणी होते.

आता माझं. जुलाब सुरू झाल्यावर मी रोज रात्री आईला फोन करायचे. ती म्हणाली, "गहू बंद कर बाई, ज्वारीची भाकरी खा, पोटाला हलकी." साउथॉलहून ज्वारीचं पीठ आणलं, पाच महिने पोळी खाल्ली नाही आणि खरंच बरं वाटलं. मग जीपीने टीटीजी केली. आकडा आला ३, नॉर्मल ७ च्या खाली. डॉक्टर म्हणाल्या, सीलिअॅक नाही, आयबीएस (तपासणीत दोष न दिसता होणारा आतड्याचा त्रास) आहे. फेरिटिन कमी होतं, त्यावर "शाकाहारी आहात ना" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या.

टीटीजी ही या आजारात ग्लुटेन खाल्ल्यामुळे शरीर स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध बनवतं ती अँटिबॉडी आहे. ग्लुटेन पोटात जातच नसेल तर ती हळूहळू ओसरते आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. इथल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असायला हवं. म्हणजे दोन्ही वेळा पोळी किंवा ब्रेड. भात-भाकरी खाणाऱ्या आपल्या घरांत हे आपोआप होत नाही, आणि कुणी विचारतही नाही. वर्षभराने दुसऱ्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, "टेस्टच्या वेळी तुम्ही गहू खात होतात का?" त्या एका प्रश्नावर सगळं फिरलं. सहा आठवडे दोन वेळा पोळी खाल्ली. ते दिवस फार वाईट गेले. आकडा आला ४८.

तर, तपासणीआधीचा हिशेब असा:

- सीलिअॅकची तपासणी व्हायची असेल तर गहू सोडू नका. आधीच सोडला असेल तर डॉक्टरला सांगा.
- एच. पायलोरीच्या तपासणीआधी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असायला हवं, नाहीतर जिवाणू असूनही दिसत नाही. भारतातून आणलेल्या पट्टीतली गोळी सवयीने घेतली जाते, तिकडे लक्ष द्या.
- आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं दिसू शकतं. घेत असाल तर सांगा.
- लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं. घाबरू नका, पण गोळ्या चालू आहेत हे सांगा.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन 'दोनशे पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट' करून देणारी घरपोच किट जागोजागी विकायला असतात. त्यातली आयजीजी (रक्तातली एक अँटिबॉडी) तपासणी कोणतंही निदान करत नाही. शरीराला तो पदार्थ माहीत आहे एवढंच ती दाखवते. त्या यादीवरून डाळी, दूध, गहू सोडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ते पैसे वाचवा.

७. नमुना कसा घ्यायचा

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. शौच कमोडच्या पाण्यात पडता कामा नये. स्वच्छ कोरडा प्लॅस्टिकचा डबा, किंवा कमोडमध्ये टॉयलेट पेपरचा जाड थर, दोन्ही चालतं. फिटच्या बाटलीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. खाचा भरतील एवढंच घ्यायचं, जास्त नको. काडी परत घालून झाकण कट्ट वाजेपर्यंत दाबा. नाव, जन्मतारीख आणि नमुन्याची तारीख लिहा. तारीख राहिली म्हणून नमुने परत येतात. शक्यतो सोमवार ते गुरुवार द्या, म्हणजे शनिवार-रविवार तो दवाखान्यात पडून राहत नाही. मासिक पाळी चालू असताना फिट करू नका.

पन्नाशी उलटलेल्या वाचकांसाठी: ५० ते ७४ वयोगटात जीपीकडे नाव असेल तर दर दोन वर्षांनी फिटची किट पोस्टाने घरी येते. ती ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका. पण लक्षणं असतील तर त्या किटची वाट न बघता जीपीला गाठा.

८. रिपोर्ट स्वतः वाचा

'काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक' असं इथे धरून चालू नका. आठवड्याने ॲप उघडा. 'नॉर्मल, नो ॲक्शन' या शेऱ्यावर थांबू नका, आकडे बघा आणि कोणती तपासणी झालीच नाही तेही बघा. मैत्रिणीला आयबीएस सांगितलं होतं, तिच्या रिपोर्टमध्ये टीटीजी नव्हतीच. आयबीएसचं निदान करण्याआधी रक्तपेशी, सूज आणि सीलिअॅक या तपासण्या व्हायला हव्यात, असं इथल्याच सूचना सांगतात. पन्नास किंवा त्याहून जास्त वयाच्या बाईला पहिल्यांदाच आयबीएससारखी लक्षणं सुरू झाली तर अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही रक्ततपासणीही व्हायला हवी. या वयात आयबीएस नव्याने सुरू होणं विरळ आहे.

त्याच तक्रारीसाठी तीनदा गेलात आणि निदान नाही, किंवा त्रास वाढतोच आहे, तर 'जेसेस रूल'चा उल्लेख करा. जेसिका ब्रेडी ही २७ वर्षांची मुलगी २०२० मध्ये कॅन्सरने गेली. ती पुन्हा पुन्हा जीपीकडे जात होती आणि निदान फार उशिरा झालं. तिच्या नावाने सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जीपींना सूचना दिली गेली की तिसऱ्या खेपेला थांबून नव्याने विचार करा. आवाज चढवायची गरज नसते. 'ही माझी तिसरी भेट आहे, पुन्हा पहिल्यापासून बघाल का?' एवढं शांतपणे म्हणा.

९. रेफरल, आणि अनोळखी नंबर

जीपीने हॉस्पिटलकडे पाठवायचं ठरवलं की लगेच विचारा: साधं की तातडीचं? कॅन्सरची शंका असेल तर २८ दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' कळावं असा निकष आहे. साध्या रेफरलसाठी १८ आठवडे म्हणतात, पण कित्येक ठिकाणी त्याहून जास्त लागतात.

इंग्लंडमध्ये कोणत्या हॉस्पिटलात जायचं ते निवडायचा हक्क तुम्हाला आहे. 'माय प्लॅन्ड केअर' या सरकारी साइटवर हॉस्पिटलनिहाय प्रतीक्षा दिसते. माझ्या जवळच्या हॉस्पिटलपेक्षा ट्रेनने पाऊण तासावरच्या हॉस्पिटलात रांग निम्मी होती.

आता सगळ्यात मोठा खड्डा. हॉस्पिटलचे फोन बहुधा 'नो कॉलर आयडी' असे येतात. आपण ते फसवणुकीचे समजून कापतो. दोन-तीनदा उचलला नाही, पत्राला उत्तर दिलं नाही, तर नाव काढून परत जीपीकडे पाठवतात आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. रेफरल गेल्यावर तेवढे महिने असे फोन उचला. घर बदललंत तर जीपी आणि हॉस्पिटल दोघांनाही पत्ता वेगवेगळा कळवा.

ऑफिसचा खाजगी विमा असेल तर वेळ वाचतो. पण आधी विमा कंपनीकडून मंजुरीचा नंबर घ्या, मगच अपॉइंटमेंट. जुनं दुखणं विम्यात धरलं जातं का हेही आधीच विचारा.

१०. दुर्बिणीची तयारी आपल्या स्वयंपाकघरातून

तोंडातून दुर्बीण घालून होणारी गॅस्ट्रोस्कोपी दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. सहा तास उपाशी राहायचं. घशात फवारा मारतात, तो केळ्याच्या चवीचा आणि कडू होता. घसा बधिर झाला की आवंढा गिळता येत नाही असं वाटतं, पण येतो. मी भूल न देता केली. नर्सने पूर्ण वेळ खांद्यावर हात ठेवला होता आणि 'नाकाने श्वास' एवढंच सांगत होती. सीलिअॅकसाठी लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतात, त्यामुळे तोपर्यंतही गहू चालूच ठेवावा लागतो. टीटीजी फारच जास्त असेल आणि वय ५५ च्या आत असेल तर काही वेळा तुकडे न घेताही निदान करतात.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघण्याची, तयारी खरी अवघड. माझ्या नवऱ्याची झाली तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर सगळे पदार्थ इंग्रजांचे होते. आम्ही तो आपल्या ताटावर उतरवला. आदले दोन-तीन दिवस चालतं: मऊ पांढरा भात, सालं काढलेला उकडलेला बटाटा, साधं दही, अंडी, मासे, पांढरा ब्रेड. चालत नाही: कुठलीही डाळ, पालेभाजी, भाकरी, शेंगदाण्याचा कूट, खोबरं, तीळ. फोडणीतली मोहरी आणि जिरंही नको, कारण दाणे आतड्यात चिकटून दुर्बिणीला अडवतात. जेली किंवा सरबत लाल-जांभळं नको. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करतात. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर पत्रातल्या नंबरवर आठवडाभर आधी फोन करा.

गुंगीचं इंजेक्शन घेणार असाल तर घरी न्यायला माणूस लागतो आणि पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही. एकटे राहत असाल तर हे आधीच सांगा, कारण सोबत कुणी नसेल तर त्या दिवशी तपासणी रद्द होते. त्याऐवजी नळीतून ओढायचा गॅस मिळतो, त्याचा अंमल थोड्या वेळात उतरतो.

११. 'पुण्याला जाऊनच करून येते'

हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, आणि तो चुकीचा नाही. पण परत येताना नुसता एक कागद आणू नका. दुर्बिणीचा इंग्रजी रिपोर्ट, फोटो, बायॉप्सीचा (काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा) स्वतंत्र रिपोर्ट, आणि लॅबकडून बायॉप्सीचे ब्लॉक किंवा स्लाइड्स मागून घ्या. इथल्या डॉक्टरला शंका आली तर त्या पुन्हा वाचता येतात, नाहीतर सगळं नव्याने करावं लागतं. इथला रेफरल मात्र रद्द करू नका. तारखा एकमेकींवर आल्या तर फोन करून पुढची घ्या.

१२. निदान झाल्यावर

सीलिअॅक निघालं तर आहारतज्ज्ञाची भेट मागा, आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदा हिंगाची डबी उलटी करून मागचं लेबल वाचा. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मी पोळी सोडली होती आणि रोजच्या वरणात चिमूट चिमूट गहू घालत होते. तांदळाचं पीठ मिसळलेला हिंग मिळतो, तो घ्या.

आई-वडील, भावंडं, मुलं यांची तपासणी करून घ्या, दहांत एकाला तरी निघू शकतं. माझ्या आईचं हिमोग्लोबिन मी लहान असल्यापासून कमी आहे. तिला फोन करून सांगितलं, लॅबमध्ये टीटीजी कर, उपाशीपोटी जायची गरज नाही. ती म्हणाली, "बरं, मग आजपासून भाकरीच खाते." मी म्हटलं, "आई, नाही. रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही वेळा पोळी खा."